सेवा कोणाची? प्राध्यापक बाबासाहेब, गॅरेटचं पुस्तक आणि वर्गात उभी केली जाणारी पोरं

सातवीत असताना मला एका गोष्टीची फार भीती वाटायची. परीक्षेची नाही, माराचीही नाही. शिष्यवृत्तीच्या फॉर्मची. पावसाळ्यात कधीतरी सर हजेरीपट घेऊन वर्गात यायचे आणि म्हणायचे, "एससीवाले उभे राहा रे." आम्ही नऊजण उभे राहायचो. सर एकेकाचं नाव घ्यायचे, बापाचं नाव विचारायचे, जातीचा दाखला आणला का ते विचारायचे, आणि बाकीचा वर्ग आमच्याकडे बघत बसायचा. सरांच्या मनात काही वाईट होतं असं मला आजही वाटत नाही. ते कारकुनी काम उरकत होते. पण त्यानंतर लगेच गणिताचा तास असला की येणारं उत्तरही माझ्या तोंडातून निघत नसे.

ही गोष्ट मी विसरून गेलो होतो. मागच्या हिवाळ्यात रिसोड तालुक्यातल्या एका विहारात आमची रविवारची अभ्यासिका चालू होती. सातवीतलाच एक पोरगा अपूर्णांकाची वही मिटून म्हणाला, "दादा, आपल्यातल्या पोरायले गनित नाही जमत."

मी विचारलं, "कोनं सांगितलं तुले?"

तो म्हणाला, "कोनंच नाही. असंच राह्यते."

त्याच सतरंजीवर एम.एड. करणारी आमची एक ताई अभ्यासाला बसली होती. तिच्यासमोर एक जाड पुस्तक उघडं होतं. मध्यमान, प्रमाण विचलन, सहसंबंध, सगळं त्यात. लेखकाचं नाव हेन्री गॅरेट. मानसशास्त्र आणि शिक्षणशास्त्रातील संख्याशास्त्रावरचं हे पुस्तक १९२६ साली पहिल्यांदा निघालं आणि त्याच्या भारतीय आवृत्त्या आपल्याकडच्या एम.एड.च्या कित्येक पिढ्यांनी वापरल्या. हा गॅरेट कोण होता, हे त्या ताईला कुणी सांगितलेलं नव्हतं. मलाही माझ्या एम.ए.च्या दोन वर्षांत कुणी सांगितलं नाही.

त्या पोराचं "असंच राह्यते" आणि ताईच्या पुढ्यातलं ते पुस्तक यांचा एकमेकांशी संबंध आहे. तो समजून घ्यायचा तर न्यूयॉर्कच्या एका विद्यापीठात जावं लागतं आणि तिथून परत मुंबईला, औरंगाबादला आणि वाशीमला यावं लागतं.

तीन शब्द आणि एक प्रश्न

प्राध्यापकाचं काम काय, असं विचारलं तर तीन शब्द सांगितले जातात: अध्यापन, संशोधन आणि सेवा. आपल्याकडे तिसऱ्याला विस्तारकार्य म्हणतात. यूजीसीने २०१० साली पदोन्नतीसाठी गुणांची पद्धत आणली, तिच्यातही या तिन्हींचे रकाने होते. रकाने भरले जातात. प्रमाणपत्रं जोडली जातात. पण सेवा कोणाची, हा रकाना त्या फॉर्ममध्ये नसतो.

माझं म्हणणं असं आहे की शैक्षणिक मानसशास्त्राचा सगळा इतिहास या एका न विचारलेल्या प्रश्नाभोवती फिरतो. पोरगं शिकत का नाही, याचं उत्तर पोराच्या डोक्यात शोधायचं की त्याला उभं करणाऱ्या वर्गात, याचा निर्णय प्राध्यापक प्रयोगशाळेत जाण्याआधीच घेतो. आणि या इतिहासातलं एक मोठं नाव आपल्या घराच्या भिंतीवर आहे. आपण त्यांना घटनाकार म्हणतो, अर्थतज्ज्ञ म्हणतो, बोधिसत्त्व म्हणतो. प्राध्यापक म्हणून त्यांच्याकडे आपण क्वचितच बघतो.

एकाच आवारातले दोन रस्ते

१९१३ च्या जुलैत बडोद्याची शिष्यवृत्ती घेऊन बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. साताऱ्याच्या शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळं बसलेला, शिपायाने वरून ओतल्याशिवाय पाणी न मिळालेला हा विद्यार्थी. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये गणित सोडवायला फळ्याकडे निघाला, तर फळ्यामागे ठेवलेले डबे बाटतील म्हणून मुलांनी ते उचलायला धाव घेतली होती. म्हणजे शिकण्याचं मानसशास्त्र त्यांनी पुस्तकात वाचण्याआधी अंगावर सोसलं होतं.

त्या काळात कोलंबियाच्या आवारात, तिथल्या टीचर्स कॉलेजात, एडवर्ड थॉर्नडाइक शिकवत होते. बी.एड. केलेल्या प्रत्येकाला हे नाव पाठ आहे. कोड्याच्या पेटीतली भुकेली मांजर, प्रयत्न-प्रमाद पद्धती, अध्ययनाचे नियम. बाबासाहेब न्यूयॉर्कला पोचले त्याच सुमारास, १९१३-१४ मध्ये, थॉर्नडाइकच्या 'शैक्षणिक मानसशास्त्र' या ग्रंथाचे तीन खंड बाहेर पडले. मोजता येईल तेच खरं, अशी त्यांची शिस्त होती, आणि त्या शिस्तीने शिक्षणशास्त्राला बरंच काही दिलं. पण बुद्धी मुख्यतः रक्तातून येते, वंशातून येते, हाही त्यांचा पक्का विश्वास होता. वंशसुधाराच्या विचाराचे ते पाठीराखे होते. २०२० साली टीचर्स कॉलेजने आपल्या इमारतीवरचं थॉर्नडाइकचं नाव काढून टाकायचा ठराव केला. आपल्या बी.एड.च्या पुस्तकात मांजर तशीच आहे. तिच्या मालकाचा हा विचार मात्र तिथे नाही.

त्याच विद्यापीठात दुसरे एक प्राध्यापक होते, जॉन ड्युई. कोलंबियाला येण्याआधी शिकागोत असताना १८९६ साली त्यांनी सोळा मुलं घेऊन एक शाळा काढली होती. तिला ते प्रयोगशाळाच म्हणत. मुलं तिथे स्वयंपाक, विणकाम, सुतारकाम करत आणि त्यातून गणित, विज्ञान, इतिहास शिकत. १८९९ मध्ये अमेरिकन मानसशास्त्र संघटनेचे अध्यक्ष म्हणून बोलताना ड्युईंनी विषयच निवडला तो मानसशास्त्र आणि समाजातला व्यवहार यांच्या नात्याचा. मानसशास्त्रज्ञाने नियम शोधावे आणि शिक्षकाने ते हुकमासारखे पाळावे, ही विभागणी त्यांना मान्य नव्हती. वर्गात मूल माणूस म्हणून समोर असतं, आणि कोणताही सिद्धांत खरा ठरायचा तर तिथेच ठरतो, असा त्यांचा रोख होता. शिकवणं, शोधणं आणि समाजाच्या कामी येणं या तिन्ही गोष्टी त्यांच्याकडे एकच काम होतं.

बाबासाहेब ड्युईंच्या वर्गात बसले. १९३६ च्या 'जातिसंस्थेचे निर्मूलन'मध्ये त्यांनी ड्युईंचा आपले शिक्षक म्हणून कृतज्ञतेने उल्लेख केला. १९५२ च्या जूनमध्ये कोलंबियाची मानद पदवी घ्यायला ते निघाले तेव्हा ड्युईंना भेटायची त्यांना ओढ होती. ते प्रवासात असतानाच ड्युई गेले. आपल्या बौद्धिक आयुष्यावर या माणसाचं ऋण आहे, असं बाबासाहेबांनी माईसाहेबांना पत्रातून कळवलं.

पण इथे एक गोष्ट आपण स्पष्ट बोलली पाहिजे. ड्युईंच्या शाळेतली मुलं बहुतेक प्राध्यापकांची आणि सुखवस्तू घरांतली होती. गोणपाटावर वेगळं बसवलेलं मूल त्यांच्या प्रयोगशाळेत नव्हतं. ते मूल त्यांच्या विद्यार्थ्याने या विचारात आणलं. म्हणून बाबासाहेबांना ड्युईंचा अनुयायी म्हणून सोडून देणाऱ्या विद्वानांशी माझं जमत नाही. त्यांनी गुरूची विद्या घेतली आणि गुरूने न पाहिलेल्या जागी नेली.

जातीचं मानसशास्त्र

९ मे १९१६ रोजी डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या भीमरावांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. जात कशी पसरली, याची त्यांनी दोन अंगांनी फोड केली. एक अंग यांत्रिक, दुसरं मानसशास्त्रीय. एका वर्गाने स्वतःभोवती दार लावून घेतलं आणि इतरांनी त्याची नक्कल केली, ही ती मांडणी. वरच्याचं अनुकरण खालचा का करतो, हे सांगायला त्यांनी फ्रेंच विचारवंत गाब्रिएल तार्द यांचा अनुकरणाचा सिद्धांत वापरला.

याचा अर्थ लक्षात घ्या. जगातले मोठमोठे प्राध्यापक बुद्धीतला फरक रक्तात शोधत होते, तेव्हा हा विद्यार्थी सांगत होता की जात ही बनवलेली आहे. ती अनुकरणाने, सवयीने आणि बहिष्काराच्या भीतीने टिकते. जी गोष्ट शिकून येते ती मोडताही येते. आमच्या पोराच्या "असंच राह्यते"ला पहिलं शास्त्रीय उत्तर १९१६ सालचं आहे.

उलट बाजूला काय चाललं होतं? फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने यांनी १९०५ साली जी चाचणी तयार केली ती कोणत्या मुलांना जास्त मदत लागेल हे ओळखण्यासाठी. बुद्धी जन्मापासून ठरलेली आणि न बदलणारी असते, या मताला त्यांचा विरोध होता. पण चाचणी अमेरिकेत पोचली आणि मदतीचं साधन निवडीचं साधन झालं. पहिल्या महायुद्धात सुमारे १७ लाख सैनिकांच्या बुद्धिचाचण्या घेतल्या गेल्या आणि त्यांचे आकडे काळ्या लोकांना आणि दक्षिण-पूर्व युरोपातून आलेल्या गरिबांना कमी बुद्धीचं ठरवायला वापरले गेले. आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात बिनेची चाचणी मराठी आणि कन्नड बोलणाऱ्या मुलांसाठी बसवली. भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावरचं त्यांचं पुस्तक १९४० साली आलं, आणि बिने-कामत चाचणी आजही वापरात आहे. मुलाच्या भाषेत चाचणी आणणं हे मोठं काम होतं, ते मान्य करू. पण शब्दसंग्रह तपासणाऱ्या चाचणीत ज्या घरात पुस्तक नाही, ज्या घराची बोली वेगळी आहे, त्या घरातलं पोरगं मागे पडलं, तर मोजलं काय गेलं? पोराची बुद्धी, की त्याच्या घरापासून शाळेपर्यंतचं अंतर? हा प्रश्न चाचणी घेणाऱ्याने विचारायचा असतो. कारण गुण कागदावर उतरले की ते पोराच्या नावापुढे लागतात.

प्राध्यापक आंबेडकर

नोव्हेंबर १९१८ मध्ये बाबासाहेब मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. मार्च १९२० मध्ये त्यांनी नोकरी सोडली. जेमतेम सोळा महिने. या सोळा महिन्यांचा हिशेब मांडून बघा.

अध्यापन: त्यांची व्याख्यानं ऐकायला दुसऱ्या कॉलेजांतले विद्यार्थी येऊन बसायचे. संशोधन: भारतातील लहान शेतजमिनी आणि त्यावरचे उपाय हा त्यांचा निबंध १९१८ मधलाच. सेवा: जानेवारी १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे साक्ष देऊन त्यांनी अस्पृश्यांसाठी मताधिकार आणि स्वतंत्र प्रतिनिधित्व मागितलं, ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' सुरू केला आणि नोकरी सोडल्यावर त्याच मार्चमध्ये माणगाव परिषदेत उभे राहिले. आणि याच काळात स्टाफरूममधल्या काही सहकाऱ्यांना ते सगळ्यांच्या माठातलं पाणी पितात याचा त्रास होत होता. विद्यार्थ्यांना त्यांची विद्या चालत होती, सहकाऱ्यांना त्यांचा पेला चालत नव्हता.

पुढे १९२४ साली मुंबई विद्यापीठाच्या सुधारणेसाठी सर चिमणलाल सेटलवाड यांची समिती बसली. तिच्यापुढे बाबासाहेबांनी लेखी साक्ष दिली. ही साक्ष आपल्या प्रत्येक प्राध्यापकाने वाचली पाहिजे. पदवीचं शिकवणं कॉलेजांकडे आणि पदव्युत्तर काम विद्यापीठाकडे, अशी फाळणी करायला त्यांचा विरोध होता. अशी फाळणी म्हणजे अध्यापनाची आणि संशोधनाची फारकत, आणि तिच्यात संशोधनाचंही नुकसान, हा त्यांचा मुद्दा. आज शंभर वर्षांनी तालुक्याच्या कॉलेजात फक्त शिकवायचं आणि संशोधन मोठ्या शहरांत होणार, अशी जी वाटणी झाली आहे, तिच्यावर त्यांनी तेव्हाच बोट ठेवलं होतं.

मार्च १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी आकडे मांडले. सरकार शिक्षणावर माणशी १४ आणे खर्च करतं आणि दारूच्या करातून माणशी दोन रुपयांहून जास्त वसूल करतं. प्राथमिक शाळेत आलेल्या १०० मुलांपैकी फक्त १८ चौथीपर्यंत पोचतात, बाकीची ८२ पुन्हा निरक्षर होतात. बघा, ८२ मुलं गळतात याचं कारण त्यांनी मुलांच्या डोक्यात शोधलं नाही. तिजोरीत आणि शाळेत शोधलं. संख्याशास्त्र थॉर्नडाइककडेही होतं आणि बाबासाहेबांकडेही. एकाने आकड्यांवरून मुलाची पायरी ठरवली, दुसऱ्याने आकड्यांवरून सरकारला जाब विचारला.

याच्याही आधी, १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी हाच धागा पकडला होता. प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावेत, त्यांना पुरेसा पगार असावा आणि ते शक्यतो शेतकरी वर्गातले असावेत, म्हणजे ते मुलांमध्ये मोकळेपणाने मिसळतील, अशी त्यांची मागणी होती. शिक्षक आणि मूल यांच्यातलं अंतर शिकण्याच्या आड येतं, हे निरीक्षण आजच्या पाठ्यपुस्तकात परदेशी नावाने येतं. आपल्याकडे ते पुण्यातल्या एका माळ्याने सरकारी आयोगाला लिहून दिलं होतं.

१९४६

आता गॅरेटकडे येऊ.

हेन्री गॅरेट यांनी १९२३ साली कोलंबियातूनच डॉक्टरेट घेतली आणि पुढे ते तिथल्या मानसशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. त्यांच्या हाताखाली मेमी फिप्स क्लार्क ही काळी तरुणी डॉक्टरेट करायला आली. गॅरेट यांची वंशाबद्दलची मतं तिला माहीत होती. तिने मुद्दाम तेच मार्गदर्शक निवडले. तिचे पती केनेथ क्लार्क यांनी १९४० मध्ये कोलंबियातून मानसशास्त्राची डॉक्टरेट मिळवली, तिथली ती मिळवणारे ते पहिले काळे. मेमींनी १९४३ मध्ये मिळवली.

या दोघांनी तीन ते सात वर्षांच्या २५३ काळ्या मुलांसमोर बाहुल्या ठेवल्या. काही गोऱ्या, काही सावळ्या, बाकी सगळ्या सारख्या. खेळायला कोणती हवी, छान कोणती, वाईट दिसते ती कोणती, असं विचारलं. जवळपास दोन तृतीयांश मुलांना खेळायला गोरी बाहुली हवी होती. ५९ टक्के मुलांनी सावळी बाहुली वाईट दिसते असं सांगितलं. मग शेवटचा प्रश्न: यातली तुझ्यासारखी कोणती? काही मुलं तिथे रडायला लागली.

त्या मुलांनाही कुणी सांगितलं नव्हतं. असंच राह्यते.

१९४६ हे साल लक्षात ठेवा. त्या वर्षी गॅरेट अमेरिकन मानसशास्त्र संघटनेचे अध्यक्ष होते. त्याच वर्षी क्लार्क पतिपत्नींनी हार्लेममध्ये मुलांसाठी नॉर्थसाइड केंद्र उघडलं. त्याच वर्षी २० जूनला मुंबईत पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं सिद्धार्थ कॉलेज सुरू झालं. आणि त्याच वर्षी बाबासाहेबांनी काळ्या लोकांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र लिहून, अस्पृश्यांची आणि काळ्यांची स्थिती किती सारखी आहे ते कळवलं.

पुढे शाळांमधल्या वंशभेदाचा खटला उभा राहिला. व्हर्जिनिया राज्यातल्या सुनावणीत १९५२ साली गॅरेट वेगळ्या शाळांच्या बाजूने साक्षीला उभे राहिले, आणि त्यांना उत्तर द्यायला त्यांचीच विद्यार्थिनी मेमी क्लार्क उभी राहिली. १७ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या. वेगळं ठेवण्याने मुलांच्या मनात कमीपणाची भावना रुजते, हे निकालपत्रात आलं आणि तळटीपेत केनेथ क्लार्क यांचं संशोधन नोंदलं गेलं.

गॅरेट निवृत्तीनंतरही थांबले नाहीत. काळ्या-गोऱ्या मुलांना एका वर्गात बसवू नये म्हणून त्यांनी पत्रकं लिहिली. म्हणजे अध्यापन होतं, संशोधन होतं आणि सेवाही होती. प्राध्यापकाची तिन्ही कामं गॅरेट यांनी चोख केली. मेमी क्लार्क यांना मात्र डॉक्टरेट मिळूनही विद्यापीठात जागा मिळाली नाही. त्यांनी नॉर्थसाइड केंद्रच आपलं विद्यापीठ केलं आणि १९७९ पर्यंत ते चालवलं. सांगा, यातला खरा प्राध्यापक कोण?

मी त्या ताईला पुस्तक फेकून दे असं म्हटलं नाही. प्रमाण विचलन कुणीही काढलं तरी तेवढंच येतं. आपण गॅरेटच्या सूत्राने आपल्या पोरांच्या बाजूचे आकडे काढू. पण सूत्र देणारा कुणाच्या बाजूने उभा होता, हे माहीत असल्याशिवाय आकडेही गुमान मान्य करायची सवय लागते.

नागसेनवनातलं उत्तर

१९५० साली औरंगाबादला कॉलेज सुरू झालं. मराठवाडा दोनच वर्षांपूर्वी निजामाच्या राजवटीतून सुटलेला. कॉलेजचं नाव मिलिंद आणि परिसराचं नाव नागसेनवन. मिलिंद राजाने प्रश्न विचारायचे, भिक्खू नागसेनाने उत्तरं द्यायची, आणि वाद राजासारखा नको, पंडितासारखा हवा, ही नागसेनाची अट. म्हणजे चर्चेत हुकूम चालणार नाही. प्रश्न विचारणाऱ्याच्या नावाने कॉलेज काढणारा दुसरा शिक्षणतज्ज्ञ मला तरी माहीत नाही.

या कॉलेजामागचा हेतू बाबासाहेबांनी लिहून ठेवला आहे. खालच्या मानलेल्या वर्गांना खाऊ-पिऊ घालून वरच्यांच्या चाकरीला लावणं हा उद्धार नव्हे, त्यांची वाढ खुंटवणारा न्यूनगंड काढणं हे खरं काम, आणि ते उच्च शिक्षणानेच होईल, असं त्यांचं म्हणणं होतं. अमेरिकेचं न्यायालय कमीपणाच्या भावनेबद्दल बोलण्याआधी इथे कॉलेज उभं होतं. प्राचार्य म. भि. चिटणीसांनी ते घडवलं. गंगाधर पानतावणे तिथे शिकवत होते आणि 'अस्मितादर्श'मधून लिहिते हात घडवत होते.

त्या मिलिंदमध्ये आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या महिमापूरचा एक मुलगा शिकून गेला, सुखदेव थोरात. ते जेएनयूत प्राध्यापक झाले, २००६ ते २०११ यूजीसीचे अध्यक्ष राहिले. पॉल अटवेल यांच्याबरोबर त्यांनी एक साधा प्रयोग केला. सारख्याच पात्रतेचे अर्ज खाजगी कंपन्यांना पाठवले, फक्त आडनावं बदलली. दलित आडनावाच्या अर्जदाराला बोलावणं येण्याची शक्यता सवर्ण आडनावापेक्षा स्पष्टपणे कमी निघाली. २००७ मध्ये हे प्रसिद्ध झालं. त्याच वर्षी त्यांच्या समितीने दिल्लीच्या एम्समधल्या अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांशी बोलून अहवाल दिला. शिक्षकांकडून पुरेशी मदत मिळत नाही, वसतिगृहात छळाला कंटाळून ठरावीक भागात एकत्र राहावं लागतं, हे त्यात नोंदलं गेलं. रोहित वेमुला आपण १७ जानेवारी २०१६ ला गमावला, डॉ. पायल तडवी २२ मे २०१९ ला. अहवाल आधीच लिहिलेला होता.

हरदोईची कोडी आणि आपला वर्ग

आता माझ्या सातवीच्या वर्गाकडे परत येतो. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे या दोन संशोधकांनी उत्तर प्रदेशातल्या हरदोई जिल्ह्यात सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली. ३२१ मुलं सवर्ण, ३२१ दलित. सुटलेल्या कोड्यांमागे पैसे मिळणार होते. जात जाहीर केली नाही तेव्हा दोन्हीकडच्या मुलांनी जवळपास सारखीच कोडी सोडवली. मग काही गटांत सुरुवातीला प्रत्येक मुलाचं नाव, गाव, बापाचं नाव, आजाचं नाव आणि जात मोठ्याने वाचून दाखवली. तिथे दलित मुलांची कामगिरी घसरली आणि फरक उभा राहिला. मुलं त्याच वयाची, कोडी त्याच धाटणीची. वाढला तो फक्त एक पुकारा.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्री झोप लागली नाही. नाव, बापाचं नाव, जात. आमचे सर दरवर्षी नकळत हाच प्रयोग करत होते, आणि निकाल आमच्या गणिताच्या गुणपत्रिकेवर चढत होता.

यावर काही मित्र म्हणतात, "मग जात लपवायची का? आपण तर छाती ठोकून जय भीम म्हणतो." प्रश्न रास्त आहे. क्लार्क यांच्या बाहुल्यांच्या अभ्यासावरही असेच आक्षेप आले. उत्तरेकडच्या एकत्र शाळांतल्या मुलांचाही कल गोऱ्या बाहुलीकडेच होता, मग नुसतं एकत्र बसवून काय होणार, असं विरोधकांनी विचारलं. माझं उत्तर असं: जात सरांनी पुकारणं आणि ओळख आपण स्वतः सांगणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत पोरगं यादीतला एक नंबर होतं. दुसरीत त्याच्या मागे चवदार तळं, नागसेनवन आणि दीक्षाभूमी उभी असते. नुसतं एका बाकावर बसवून भागत नाही, बसणाऱ्याला आपला इतिहास माहीत असावा लागतो. म्हणूनच बाबासाहेबांनी कॉलेजही काढलं आणि त्याला नागसेनवन हे नावही दिलं.

वाशीममध्ये काय करायचं

आपला जिल्हा १९०५ साली मोडून अकोल्यात घातला गेला, १ जुलै १९९८ ला पुन्हा वेगळा झाला, आणि २०१८ मध्ये नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आला. मागास म्हणायच्या ऐवजी आता आकांक्षित म्हणतात. चांगलं आहे. मग आपल्या आकांक्षा आपणच सांगू.

पहिली गोष्ट, या वर्षी आपल्या गावच्या शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना शांतपणे विनंती करा की शिष्यवृत्तीची कागदपत्रं मुलांना वर्गात उभं करून मागू नका. पालकांना बोलवा, किंवा मुलाला एकट्याला भेटा. याला एक रुपयाही लागत नाही. हरदोईचा प्रयोग त्यांना समजावून सांगा. बहुतेक शिक्षक ऐकतील, कारण त्यांना हे माहीतच नसतं.

दुसरी गोष्ट, आपली जी मुलं-मुली बी.एड., एम.एड., समाजशास्त्र, मानसशास्त्र करतात, त्यांनी प्रबंधाचा विषय आपल्या पोरांमधून निवडावा आणि निष्कर्ष त्याच गावात, त्याच विहारात येऊन सांगावेत. कपाटात बांधून ठेवलेला प्रबंध पदोन्नतीच्या कामी येतो, पोरांच्या येत नाही.

तिसरी गोष्ट आपल्याच प्राध्यापकांना. सर, मॅडम, १४ एप्रिलला तुम्ही व्याख्यान देता, आम्ही टाळ्या वाजवतो. पण वर्षातले बाकीचे दिवस? महिन्यातला एक रविवार अभ्यासिकेला द्या. अपूर्णांक शिकवा. पोरगं कुठे अडलं ते वहीत लिहा, आणि सहा महिन्यांनी तीच वही उघडून बघा. अध्यापन, संशोधन आणि सेवा, तिन्ही त्या एका वहीत होतील. बाबासाहेबांनी सोळा महिन्यांत जे केलं त्याचा हा शंभरावा भागही नाही.

तो पोरगा अजून येतो. त्या रविवारनंतर मी त्याला गणित शिकवायचं थांबवून आधी साताऱ्याच्या गोणपाटाची आणि फळ्यामागच्या डब्यांची गोष्ट सांगितली. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "दादा, मंग ते गनित बाबासाहेबाईनं सोडोलं का नाही फळ्यावर?"

मी म्हटलं, "डबे उचलल्यावर सोडोलं."

त्याने वही उघडली. त्या दिवशी पाचापैकी दोन उदाहरणं बरोबर आली. बाकीच्या तिनांसाठी पुढचा रविवार आहेच.

जय भीम.